आरएनए-सीक्वेन्सिंग करायचंय? परभणी-लातूर-नांदेडकडून सारखे येणारे प्रश्न

परभणी, लातूर, नांदेड, संभाजीनगर इकडची एमएस्सी-पीएचडीची पोरं-पोरी जवळपास हेच प्रश्न विचारत असतात. प्रश्न बरोबरच असतात, फक्त बहुतेक वेळा ते डेटा हातात आल्यावर विचारले जातात आणि तोवर दुरुस्त करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. म्हणून सगळं एका जागी लिहिलंय. रानात सॅम्पल काढायला जायच्या आधी वाचा, एवढी एकच विनंती.

आरएनए-सीकमध्ये नेमकं मोजतात काय?

झाडाच्या मुळात, पानात, फुलात डीएनए तोच असतो, पण कोणता जीन कुठं चालू आहे आणि किती जोरात चालू आहे ते बदलतं. चालू असलेल्या जीनच्या एमआरएनए कॉप्या निघतात, त्या कॉप्यांचा हिशोब म्हणजे जीन एक्स्प्रेशन. मशीनला द्यायच्या आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाच्या एन्झाइमनं आरएनएचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) करून घेतात (हे एन्झाइम १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळं शोधलं, १९७५ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं), मग तुकड्यांना दोन्ही टोकांना अडॅप्टर (मशीनला ओळखता येणारे छोटे डीएनए तुकडे) जोडतात, पीसीआरनं वाढवतात, याला लायब्ररी म्हणायचं. मशीन असे कोट्यवधी तुकडे वाचतं, वाचलेला एक तुकडा म्हणजे एक रीड. प्रत्येक रीड कोणत्या जीनचा आहे ते जिनोमशी जुळवून बघायचं आणि मोजायचं, शेवटी हातात येतं ते एक मोठं टेबल, आडव्या ओळीत जीन, उभ्या रांगेत सॅम्पल आणि चौकटीत आकडे.

एक गोष्ट आधीच सांगते, यात प्रोटीन मोजलं जात नाही. एमआरएनए वाढला म्हणजे प्रोटीन तेवढंच वाढलं असं थिसिसमध्ये लिहू नका, व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मायक्रोअ‍ॅरे होतंच की, मग हे कशाला?

मायक्रोअ‍ॅरेमध्ये चिपवर जे जीन आधीपासून लावलेत तेवढेच दिसतात. सीक्वेन्सिंगमध्ये नवीन ट्रान्सक्रिप्ट (जीनची आरएनए कॉपी), नवीन स्प्लाइस फॉर्म (त्याच जीनची वेगळ्या तऱ्हेनं जोडलेली कॉपी), आतमध्ये घुसलेला व्हायरस किंवा बुरशी, सगळं सापडू शकतं. गंमत म्हणजे चिपवाला पहिला गाजलेला पेपर आणि सीक्वेन्सिंगनं एक्स्प्रेशन मोजणारी सेज पद्धत, दोन्ही 'सायन्स'च्या एकाच अंकात आले होते, ऑक्टोबर १९९५ च्या. पुढं चिप स्वस्त पडली म्हणून दहा-बारा वर्षं तीच चालली, आणि २००८ मध्ये यीस्ट आणि उंदरावरचे आरएनए-सीकचे पेपर आल्यावर पारडं फिरलं.

आणि क्यूपीसीआर?

पाच-दहा जीन बघायचे असतील आणि कोणते ते माहीत असेल, तर क्यूपीसीआरच (ठरावीक जीनच्या कॉप्या पीसीआरनं मोजणं) करा. सगळ्यांनी आरएनए-सीकच केलं पाहिजे असं काही नाही.

किती रेप्लिकेट्स लागतात? गाइड म्हणतात एकेकच पाठवा, पैसे नाहीत.

एकेक पाठवून काही सिद्ध होत नाही. हे मी जरा जोर देऊन लिहितेय कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो. एक कंट्रोल (ताण न दिलेलं झाड) आणि एक पाण्याचा वगैरे ताण दिलेलं, एवढंच असेल तर दिसणारा फरक ताणामुळं आहे की त्या दोन झाडांतच मुळात फरक होता, हे जगातलं कोणतंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. झाडाझाडांत आपोआप किती फरक असतो ते कळण्यासाठी एकाच गटातली वेगवेगळी झाडं लागतात, आणि तेच बायोलॉजिकल रेप्लिकेट.

कमीत कमी तीन. आणि तीन पण पोटापुरतेच. २०१६ मध्ये एक अभ्यास आला, त्यात यीस्टच्या दोन प्रकारांचे प्रत्येकी ४८ रेप्लिकेट्स केले होते, आणि मग त्यातले थोडेच घेतले तर काय हाती लागतं ते तपासलं. तीन रेप्लिकेट्स घेतल्यावर बहुतेक सॉफ्टवेअरना बदललेल्या जीनपैकी फक्त २० ते ४० टक्केच सापडले. त्यांची शिफारस किमान सहाची आहे. म्हणून बजेट तेवढंच असेल तर तीन सॅम्पलचे ४-४ कोटी रीड्स घेण्यापेक्षा सहा सॅम्पलचे २-२ कोटी घ्या, लायब्ररीचा खर्च वाढतो हे खरंय पण उत्तर जास्त भरवशाचं मिळतं.

आता नेहमीचा घोळ. तीन झाडांची पानं एका ट्यूबमध्ये कुटली, एकच आरएनए काढला आणि तो तीन ट्यूबमध्ये वाटून पाठवला. हे तीन रेप्लिकेट्स झाले नाहीत, एकच सॅम्पल तीनदा मोजलं गेलं. पूलिंग (झाडं एकत्र करणं) करायला हरकत नाही, पाच झाडांचा एक पूल करा, पण असे वेगवेगळ्या झाडांचे निदान तीन पूल शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

रानातून सॅम्पल काढताना काय बघायचं?

सगळं इथंच ठरतं, त्यामुळं हे उत्तर लांब आहे.

पहिली गोष्ट वेळ. झाडाचं घड्याळ असतं, अर्‍याबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगांत नेहमी वापरतात ते छोटं झाड) चालू जीनपैकी साधारण एक तृतीयांश दिवसाच्या वेळेप्रमाणं वरखाली होतात असं आढळलंय. तुम्ही ज्वारीच्या पाणी दिलेल्या प्लॉटची पानं सकाळी आठला काढली आणि ताण दिलेल्या प्लॉटची जेवण करून दुपारी दोनला, तर तुम्ही पाण्याचा ताण नाही मोजला, सकाळ आणि दुपार मोजली. दोन्ही प्लॉट आलटून पालटून, एक याचं एक त्याचं असं करत अर्ध्या-पाऊण तासात उरका. पान पण ठरवून घ्या, वरून तिसरं तर सगळीकडं तिसरंच.

दुसरी गोष्ट गोठवणं. पान तोडलं की झाडाला जखम झाली आणि जखमेचे जीन काही मिनिटांतच चालू होतात, म्हणून तोडल्याबरोबर लिक्विड नायट्रोजनमध्ये. त्याचं तापमान उणे १९६ अंश असतं. 'आमच्याकडं नायट्रोजन कुठून आणायचा' असं विचारणाऱ्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ते लिक्विड नायट्रोजनच्या कॅनमध्येच ठेवतात, त्यामुळं भरून देणारी गाडी कुठून आणि कधी येते हे त्यांना बरोबर माहीत असतं. विद्यापीठाचं पत्र घेऊन गेलं की माणसं मदत करतात. पान अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, आतून बाहेरून दोन्हीकडं नंबर टाका, साधा पेन पुसून जातो, क्रायो मार्करच वापरा किंवा पेन्सिलनं चिठ्ठी लिहा. आत नायट्रोजन राहिलेल्या ट्यूबचं झाकण घट्ट लावू नका, गरम झाल्यावर ती फुटते आणि डोळ्यापर्यंत उडते. कॅन गाडीत असेल तर काचा उघड्या ठेवा, बंद गाडीत नायट्रोजन साचून ऑक्सिजन कमी पडतो, आणि त्याला वास नसतो म्हणून कळत पण नाही.

आरएनए-लेटर चालतं का मग?

चालतं (आरएनए टिकवणारं द्रावण आहे ते), पण उन्हाळ्यात आपल्याकडं सांभाळून. कंपनीच्या सांगण्याप्रमाणं ३७ अंशाला एक दिवस, २५ अंशाला एक आठवडा, फ्रिजमध्ये ४ अंशाला एक महिना टिकतं. मे महिन्यात परभणीत सावलीतच पारा चाळिशीच्या पुढं असतो आणि गाडीची डिकी त्याहून गरम, म्हणजे त्या ३७ च्या हिशोबाच्या बाहेरच गेलात, सोबत बर्फाचा डबा पाहिजेच. तुकडा अर्धा सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर आतपर्यंत पोचत नाही. मेणचट पानात ते नीट शिरतच नाही, तिथं नायट्रोजनला पर्याय नाही. जनावराच्या टिश्यूला मात्र चांगलं.

कुरिअरनं पाठवताना?

शुक्रवारी पाठवायचं नाही. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८ अंशाला असतो आणि बसल्या जागी उडून जातो, मध्ये रविवार आणि त्याला जोडून सण आला की डबा उघडल्यावर नुसत्या कोमट ट्यूब. एका मुलीचं वर्षभराचं काम असं गेलेलं जवळून बघितलंय. सोमवारी पाठवा, समोरच्या लॅबला आधी फोन करा, आणि अर्धं सॅम्पल कायम आपल्या उणे ८० च्या फ्रीझरला ठेवा (त्या फ्रीझरला जनरेटरची लाइन आहे का, ते पण बघून घ्या, आपल्याकडं लाइट जाते). आरएनए काढून झालेला असेल तर इथेनॉलमध्ये प्रेसिपिटेट करून (साक्यासारखा खाली बसवून) तसाच पाठवणं जास्त निभतं.

आरआयएन ६.२ आलाय, सॅम्पल बाद का?

आरआयएन म्हणजे आरएनए किती अखंड आहे त्याचा १ ते १० मधला आकडा, साधारण ७ च्या वर मागतात. पण आकडा बघून घाबरू नका, ग्राफ मागवा. हिरव्या पानात क्लोरोप्लास्टचा रायबोसोमल आरएनए पण असतो, त्याचे ग्राफवर जास्तीचे पीक (उंचवटे) येतात आणि साधं सेटिंग ठेवलं तर आकडा उगाच कमी दाखवतो, त्यासाठी मशीनला प्लँट मोड असतो. गुलाबी बोंडअळीवर काम करणाऱ्यांनी तर हे नक्कीच लक्षात ठेवा: बहुतेक कीटकांत २८एस आरएनएला (२८एस आणि १८एस हे रायबोसोमल आरएनएचे मोठा आणि लहान तुकडे) मुळातच एक छुपा काप असतो, गरम केलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही १८एसच्या जागी जाऊन बसतात. मग एकच पीक दिसतो आणि आरआयएन कमी लागतो, आरएनए एकदम चांगला असला तरी. लॅबवाल्यांनी 'क्यूसी फेल' (दर्जा तपासणीत नापास) लिहून पाठवलं तर हे त्यांना सांगा.

कापूस आणि तुरीत पॉलिफिनॉल, पॉलिसॅकराइड लई असतात, ट्रायझॉलनं (आरएनए काढायचं नेहमीचं द्रावण) चिकट आणि तपकिरी माल येतो. सीटॅब नावाच्या रसायनाची पद्धत करा, शेवटी डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्यायचं विसरू नका. हातमोजे सारखे बदलत राहा, आपल्या बोटांवर आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) असतं आणि ते ऑटोक्लेव्हला पण पुरून उरतं.

पॉली-ए की रायबो-डिप्लीशन?

पेशीतल्या एकूण आरएनएपैकी ८० टक्क्यांच्या वर रायबोसोमल असतो, एमआरएनए जेमतेम १ ते ५ टक्के. तसंच सीक्वेन्स केलं तर पैसे रायबोसोमवर जातील. झाड, जनावर, माणूस यांच्या एमआरएनएला पॉली-ए शेपूट असतं, आरएनए चांगला असेल तर त्या शेपटाला धरून ओढायचं. बॅक्टेरियाच्या एमआरएनएला असं कामाचं शेपूट नसतं, आणि तुटलेल्या आरएनएचं शेपूट एका तुकड्याबरोबर निघून गेलेलं असतं, या दोन्ही ठिकाणी रायबो-डिप्लीशन, म्हणजे रायबोसोमल आरएनए काढून टाकणं. लायब्ररी स्ट्रँडेडच (रीड डीएनएच्या कोणत्या धाग्यावरचा ते कळेल अशी) मागा.

कोटेशनमध्ये '६ जीबी डेटा' लिहिलंय, म्हणजे किती?

इथलं जीबी म्हणजे पेन ड्राइव्हवालं नाही, ६ गिगाबेस, म्हणजे ६०० कोटी अक्षरं. १५० अक्षरांचे दोन्ही बाजूंनी रीड्स असतील तर एका जोडीची ३०० अक्षरं, ६०० कोटी भागिले ३०० म्हणजे २ कोटी जोड्या. जीन एक्स्प्रेशनसाठी २ ते ३ कोटी पुरतात. क्यू-३० किती टक्के देणार ते पण लिहून घ्या, क्यू-३० म्हणजे हजार अक्षरांत एक चूक. आणि कच्च्या फास्टक्यू फाइल (सगळे रीड्स असलेल्या) मिळणार हे लेखी पाहिजे, नुसता रंगीत पीडीएफ रिपोर्ट घेऊ नका.

कॉम्प्युटर साधाच आहे, जमेल का?

जमेल. स्टार नावाच्या अलाइनरला (रीड जिनोमशी जुळवणारं सॉफ्टवेअर) माणसाच्या जिनोमसाठी ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, ती घरी नसते, पण हायसॅट-टू किंवा सॅल्मन साध्या ८-१६ जीबीच्या मशीनवर चालतात. तेही नसेल तर गॅलक्सी नावाची फुकटची वेबसाइट आहे, ब्राउझरमधून सगळं होतं, फाइल रात्री अपलोडला लावा. पुढचा हिशोब आर भाषेत, आर पण फुकट. क्रम असा धरा: फास्टक्यूसीनं क्वालिटी बघा, फास्टपीनं अडॅप्टर कापा, जुळवा, फीचरकाउंट्सनं मोजा, मग डेसेक-टू किंवा एज-आरनं गटांतला फरक तपासा.

टीपीएम, एफपीकेएम, काउंट्स, नेमकं कोणतं टाकायचं?

डेसेक-टूला कच्चे काउंट्स (जीनवर पडलेल्या रीड्सची मोजणी) द्या, टीपीएम-एफपीकेएम (जीनची लांबी आणि एकूण रीड्स यांच्या हिशोबानं बदललेले आकडे) देऊ नका. ते स्वतःच प्रत्येक सॅम्पलच्या कमीजास्त रीड्सचा हिशोब लावतं. टीपीएम हीटमॅप दाखवायला, आणि एकाच सॅम्पलमध्ये हा जीन त्या जीनपेक्षा जास्त का कमी बघायला ठीक.

पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आलेले सगळे जीन खरे का?

नाही. पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता, आणि हे तुरीवरच बघू. २०१२ मध्ये पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तुरीच्या आशा वाणाचा जिनोम आला, त्यात ४८,६८० जीनचा अंदाज होता. आता समजा ताणामुळं एकाही जीनमध्ये काहीच बदल झाला नाही, तरी सगळे जीन तपासून ०.०५ ची रेघ लावली तर २,४०० च्या वर जीन नुसत्या योगायोगानं 'सिग्निफिकंट' निघतील. म्हणून अ‍ॅडजस्टेड पी व्हॅल्यूचा कॉलम बघायचा, तो बेंजामिनी आणि होखबर्ग यांच्या १९९५ च्या पद्धतीनं काढलेला असतो. लॉग-टू फोल्ड चेंज १ म्हणजे दुप्पट, उणे १ म्हणजे निम्मं, ३ म्हणजे आठपट. पाच काउंट्सचे वीस झाले तर चौपट दिसतं पण तेवढ्या लहान आकड्यांवर भरवसा ठेवू नका.

पीसीएमध्ये सॅम्पल तारखेप्रमाणं वेगळे पडलेत, ताणाप्रमाणं नाही.

पीसीए म्हणजे कोणते सॅम्पल एकमेकांसारखे ते दाखवणारा ग्राफ, आणि हा बॅच इफेक्ट, एकत्र हाताळलेल्या सॅम्पलमध्ये येणारा सारखेपणा. कंट्रोलचा आरएनए एका दिवशी आणि ताणाचा दुसऱ्या दिवशी काढला असेल तर ही दोन कारणं आता वेगळी करता येणार नाहीत, कोणी कितीही सॉफ्टवेअर सांगो. दोन्ही गटांचे सॅम्पल प्रत्येक दिवशी थोडे थोडे असतील तर डिझाइनमध्ये बॅच टाका, निघतं.

आमचं वाण बीडीएन-७११ आहे, जिनोम आशाचा. चालेल का?

चालेल, दोन्ही तूरच. थोडे रीड्स जुळणार नाहीत. जिनोमच नसलेल्या रानभाजीवर काम असेल तर ट्रिनिटीनं रीड्सवरूनच ट्रान्सक्रिप्ट जोडता येतात, त्याला मात्र रॅम भरपूर लागते. सोयाबीन आणि अमेरिकन कापसात वेगळीच अडचण, एकेका जीनच्या सारख्या दिसणाऱ्या कॉप्या असतात आणि रीड कोणत्या कॉपीचा ते ठरत नाही, तिथं सॅल्मनसारखी वाटणी करणारी पद्धत बरी.

मर लागलेल्या तुरीच्या मुळातून तूर आणि बुरशी दोघांचं एक्स्प्रेशन निघेल का?

निघतं, ड्युअल आरएनए-सीक म्हणतात. दोन्ही जिनोमवर जुळवायचं. पण रोगाच्या सुरुवातीला फ्युजेरियम उडमचे (मर रोगाची बुरशी) रीड्स एकूणात फार थोडे असतात, त्यामुळं बुरशीबद्दल बोलायचं तर रीड्स बरेच जास्त घ्यावे लागतात.

सिंगल-सेल म्हणजे काय, आपण करावं का?

आपण एवढा वेळ बोलतोय ती बल्क पद्धत, लाखो पेशी एकत्र कुटून. मोंढ्यात दिवसाचा सरासरी भाव कळतो, कोणाच्या पोत्याला काय मिळालं ते कळत नाही, तसंच. सिंगल-सेलमध्ये प्रत्येक पेशीचा वेगळा हिशोब निघतो. २००९ मध्ये उंदराच्या भ्रूणाच्या एका पेशीवर पहिल्यांदा केलं, २०१५ ला ड्रॉप-सीक आणि इनड्रॉप आले, त्यात तेलातल्या एकेका थेंबात एक पेशी आणि एक बारकोड असलेला मणी अडकवतात, त्यामुळं हजारो पेशी एकदम होतात. एका पेशीत एकूण आरएनए १० ते ३० पिकोग्रॅमच असतो, म्हणून पीसीआरनं खूप वाढवावं लागतं, आणि एकाच रेणूच्या कॉप्या दोनदा मोजल्या जाऊ नयेत म्हणून प्रत्येक रेणूला आधीच यूएमआय नावाचं लेबल लावतात. टेबलमध्ये शून्यच शून्य दिसतात, त्याचा अर्थ जीन बंद असा लगेच काढायचा नाही, पकडलाच गेला नसेल.

झाडांत सेल वॉल आडवी येते. एन्झाइमनं विरघळवून प्रोटोप्लास्ट (भिंत काढलेली पेशी) करायला तास-दोन तास जातात आणि तेवढ्यात पेशी घाबरून जीन बदलतात, म्हणून बरेच जण पेशीऐवजी न्यूक्लियस काढतात. माझं स्पष्ट मत, पहिल्या थिसिससाठी बल्कच नीट करा. प्रश्नच जर 'कोणत्या पेशीत' असा असेल तर मग सिंगल-सेल.

दवाखान्यातले पॅराफिन ब्लॉक वापरता येतील का? कॅन्सरवर काम आहे.

येतील. हे म्हणजे फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे. फॉर्मलिननं आरएनए तुटलेला असतो म्हणून तिथं आरआयएन बघत नाहीत, डीव्ही-२०० बघतात, म्हणजे २०० अक्षरांपेक्षा लांब तुकडे किती टक्के आहेत. पॉली-ए चालणार नाही. एथिक्स कमिटीची परवानगी आधी, काम नंतर, आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचना त्यासाठी वाचा.

नंतर क्यूपीसीआर करावंच लागतं का?

त्याच आरएनएवर परत करून फारसं नवीन कळत नाही. पुढच्या हंगामात नवीन झाडं घेऊन त्यांच्यावर करा, त्याला अर्थ आहे.

स्वतःचा डेटा नाही, तरी काही करता येईल का?

हो, आणि हे खूप कमी पोरं करतात. जीईओ आणि एसआरए या ऑनलाइन डेटा साठ्यांमध्ये जगभरातला डेटा फुकट पडलाय, तूर, ज्वारी, सोयाबीन सगळ्याचा. एका पेपरचा डेटा उतरवा, स्वतः पूर्ण हिशोब करा आणि त्यांच्या निकालाशी ताडून बघा, स्वतःचे सॅम्पल पाठवायच्या आधी एवढा सराव झालेला असावा.

आमचा डेटा कुठं जमा करायचा?

एसआरएमध्ये, किंवा आपल्याकडं २०२२ पासून फरीदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे तिथं. फाइलबरोबर वाण, पेरणीची तारीख, सॅम्पलची वेळ, कितवं पान, जमिनीतला ओलावा, आरएनए कोणत्या दिवशी काढला, सगळं भरा. हे वहीत त्या त्या दिवशीच लिहिलेलं असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.